डावीकडचा कप्पा

३ फेब्रुवारी

उद्यापासून घरचे कपडे आणा, सिस्टर म्हणाल्या. हॉस्पिटलचा झगा या वॉर्डात चालत नाही. रोज सकाळी पेशंटला उठवायचं, चारचौघांसारखे कपडे घालायचे आणि खुर्चीत बसवायचं, असा इथला नियम. दिवस सुरू झाला हे मेंदूला कळतं म्हणे. कपडे नातेवाइकाने निवडायचे, नातेवाइकानेच आणायचे.

कसले आणू विचारलं. म्हणाल्या, त्यांना शोभतील असे.

हिला काय शोभतं? चोवीस वर्षं झाली लग्नाला आणि मी सिस्टरच्या तोंडाकडे बघत उभा.

४ फेब्रुवारी

हिचं कपाट उघडलं. दोन कप्पे. उजवीकडे जुने, धुऊन धुऊन विटलेले, बहुतेक राखाडी नाहीतर निळे. डावीकडे कोरे करकरीत, घडी न मोडलेले, दोनतीनांना तर दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच. म्हटलं, चांगले जपून ठेवलेत बिचारीने. कधी घालणार होती कोण जाणे.

डावीकडचा वरचा घेतला. पिवळा ड्रेस, गळ्याला झालर. पिशवीत घातला. काही वाटलं नाही. ही आजारी पडल्याला दोन महिने झाले, कशाचंच काही वाटत नाही.

५ फेब्रुवारी

पिवळा घातला. सिस्टर वा वा म्हणाल्या. बाही चढवताना हिने डावा हात झाडला. उजवा तर गेलाच आहे. पुन्हा झाडला. वॉर्डातल्या मावशींनी हात धरून ठेवला आणि बटणं लावली.

पलंगाच्या पायथ्याशी कागद असतो. त्यावर हालचालींचे दोन रकाने — अस्वस्थ, हेतुपूर्वक. सिस्टरने अस्वस्थखाली खूण केली.

८ फेब्रुवारी

मोठे डॉक्टर भेटले. नीट समजावून सांगितलं, उभ्याउभ्याच. मेंदूतल्या रक्तस्रावाने बोलणं गेलंय. समजतं किती ते ठाऊक नाही. डोळे उघडे असतात, पण ही भिंतीकडे बघते. माणसाकडे नाही. अठ्ठावीसला बैठक आहे. तोवर हिने स्वतःहून, हेतूने केलेली एक तरी गोष्ट दिसायला हवी आणि ती पुन्हा पुन्हा दिसायला हवी. दिसली तर इथे ठेवून व्यायाम, शिकवणं, सगळं चालू. नाही दिसली तर खालचा मजला.

खालचा मजला पाहून आलो. स्वच्छ आहे. चोवीस पलंग. दर दोन तासांनी कूस बदलतात. खुर्ची एकही नाही.

दुकानात परत गेलो आणि सहा जणांचे केस कापले. हात चालतात आपले.

९ फेब्रुवारी

आज हिचे केस सारखे केले. ऑपरेशनच्या वेळी कुणीतरी घाईघाईत मशीन फिरवलेलं, एका बाजूला काहीच नाही, दुसऱ्या बाजूला शेपट्या. आता जरा वाढलेत, पाऊण इंच असतील. डाव्या कानावर टाक्यांचा व्रण आहे, तो झाकेल असं वळण दिलं. मान कोरली. बरं झालं काम.

हिचे केस कमरेखाली होते. जाड वेणी. मी जन्मभर गावाचे केस कापले, पण हिने मला कधी टोकंसुद्धा कापू दिली नाहीत. मी विचारलंही एकदाच. हसून म्हणाली होती, "तुम्ही आधी बघायला शिका." मला वाटलं, चेष्टा.

१० फेब्रुवारी

गुलाबी, फुग्याच्या बाह्यांचा. हात झाडला. अस्वस्थ.

११ फेब्रुवारी

चॉकलेटी, छातीवर मोठं फूल. हात झाडला. तोंडही फिरवलं. अस्वस्थ, दोन खुणा.

१३ फेब्रुवारी

जोडीदार — दुकानातली दुसरी खुर्ची त्याची — म्हणतो, लांब कानातले घाल वहिनींना, बायकांना आवडतात. एक गिऱ्हाईक म्हणालं, रंगीत स्कार्फ बांधा, टाका दिसत नाही. सगळे उंटावरचे शहाणे. तरी दोन्ही केलं. लोंबते कानातले आणि चट्ट्यापट्ट्यांचा स्कार्फ.

एवढ्या बारीक केसांवर ते कानातले कसे दिसले — खुंटीला अडकवल्यासारखे. मान उघडी पडली की नजर सगळी कानाखाली जाते. हे मला कळायला हवं होतं, माझा धंदा आहे! गिऱ्हाइकाचे केस बारीक केले की मीच सांगतो, आता कॉलरचा शर्ट घाला, मान भरलेली दिसेल. परक्यांना रोज सांगतो. दिव्याखाली अंधार.

स्कार्फ हिने ओढून काढला. तो पडला जमिनीवर. सिस्टर म्हणाल्या, अस्वस्थपणा वाढतोय, डॉक्टरांना सांगते. झोपेचं औषध देऊ म्हणतात सकाळचं.

१४ फेब्रुवारी

औषध दिलं. हात झाडला नाही. केशरी ड्रेस निमूट घातला.

१७ फेब्रुवारी

मेहुणी आली. हिची धाकटी बहीण, दुसऱ्या गावी शाळेत शिकवते, रजा आता मिळाली. दारातून आत आली आणि हिच्याकडे बघून थबकली. मला वाटलं, केस बघून. आता रडणार. पण ती हिच्या अंगावरच्या जांभळ्या झालरीकडे बघत होती.

बाहेर व्हरांड्यात नेऊन विचारलं, "भाऊजी, डावीकडच्या कप्प्यातलं काढता का हो तुम्ही?"

हो म्हटलं. नवे आहेत ते.

कपाळाला हात लावला तिने. मग सांगितलं. डावीकडचा कप्पा म्हणजे लोकांनी दिलेलं. हिच्या नणंदेने, म्हणजे माझ्या ताईने, दिलेले झालरवाले, शेजारणीने दिलेलं फूल, माझ्या आत्याचा केशरी. हिला त्यातला एकही बघवत नाही. टाकवत नाही, कारण दिलेलं टाकू नये. घालवत नाही, कारण डोळ्यांत खुपतं. माझी ताई घरी यायची असली की ही तेवढ्यापुरता तिचा घालायची आणि ताई गेली की दार लावायच्या आत बदलायची.

म्हणजे मी बारा-तेरा दिवस हिला रोज सकाळी तिच्या नावडत्यातलं एकेक घालत होतो. आणि औषध देईपर्यंत ही रोज सांगत होती, नको.

हे कोणाकोणाला माहीत होतं विचारलं. मेहुणी म्हणाली, सगळ्यांनाच. मग म्हणाली, "तुमच्यासमोरच बदलायची ना ती."

१८ फेब्रुवारी

सकाळी सिस्टरना सांगितलं. त्या ऐकून घेतात, पण मान हलवतात ती नातेवाइकाचं मन राखायला. औषध थांबवा म्हटलं. म्हणाल्या, डॉक्टरांना विचारते.

डॉक्टर म्हणाले, असं सगळ्यांनाच वाटतं. मी म्हणालो, मला काही वाटत नाही, साहेब. वाटण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही तपासा. आवाज चढला माझा, बऱ्याच दिवसांनी. वॉर्डात सगळे बघायला लागले.

औषध बंद. थेरपिस्ट एकवीसपासून बघणार. दहा दिवस उरलेत.

१९ फेब्रुवारी

आज उजवीकडचा कप्पा नीट बघितला. एकेक काढून पलंगावर मांडला. सगळे साधे. झालर नाही, फूल नाही, नक्षी असलीच तर काठाला. रंग राखाडी, निळा, काळपट हिरवा. गळे मात्र सगळे मागून खोल. तेव्हा कळलं — वेणीसाठी! वेणी पाठीवर दिसावी म्हणून मागचा गळा खोल आणि बाकी सगळं गप्प. नटणं तेवढंच होतं तिचं. कानात तर नुसते स्टीलचे बारीक टॉप्स.

म्हणजे बाईने आपले केस बघून कपडे निवडले होते. मी डोक्याचा कारागीर, आणि माझ्या घरातलं सगळ्यात नीट जमलेलं डोकं मी पाहिलंच नाही.

एकदा तिने विचारलं होतं. मी पेपर वाचत होतो. म्हणाली, न बघता सांगा, आज मी काय घातलंय? मी म्हणालो, कपडे. त्यावर मीच हसलो होतो.

तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

आता वेणी नाही. मागून खोल गळे घातले तर नुसते मानेचे हाडकुळे मणके दिसणार आणि पुढे श्वासाच्या नळीचा व्रण. म्हणून कपड्यांच्या दुकानात गेलो. हिच्यासाठी कपडा विकत घ्यायची माझी पहिलीच वेळ. कॉलरवाला घ्यायचा, कॉलर उभी राहील इतकी कडक, रंग निळसर राखाडी. पुढे बटणं, म्हणजे एका हातानेही लावता येतील. दुकानातली बाई विचारते, केस कसे आहेत त्यांचे? तिला बोटाने दाखवलं, एवढे. मग तिने तीन शर्ट काढले. त्यातला मधला घेतला.

छान दिसेल. खात्री आहे. हे तरी मला कळतं.

२१ फेब्रुवारी

थेरपिस्ट आली. चष्मा लावते, तरुण आहे, उगाच गोड बोलत नाही. तिने एका हातात झालरवाला पिवळा धरला, दुसऱ्या हातात हिचा जुना राखाडी. हिच्या डाव्या हाताजवळ नेले. हिने पिवळा ढकलला. जागा बदलल्या. पिवळाच ढकलला. दहा वेळा केलं. नऊ वेळा पिवळा. एकदा हात मध्येच थांबला.

थेरपिस्टने डावीकडचे आणखी तीन मागवले. सगळ्यांची तीच गत. माझ्या ताईचा जांभळा तर पार खाली पाडला. मेहुणी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी कागदाकडे बघत होतो.

थेरपिस्ट अजून खूण करत नव्हती. म्हणाली, तीन दिवस सलग हवं.

२२ फेब्रुवारी

आज मी विकत घेतलेला शर्ट नेला. निळसर. थेरपिस्टला सांगितलं, हा एकदा बघा. एका हातात तो, एका हातात जुना राखाडी.

हिने बराच वेळ घेतला. बोटांनी कॉलर चाचपली. एक बटण धरलं. हा घेईल असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग ढकलला. जागा बदलून पुन्हा दाखवला, पुन्हा ढकलला. जुना राखाडी मुठीत धरला तो सोडेना.

"हे तर जास्त चांगलं," थेरपिस्ट म्हणाली. "तुम्ही आणलेलं नवं, चांगलं, तरी नको. म्हणजे नक्की निवडतायत."

हो म्हटलं. शर्टाची घडी घातली.

राखाडी घातला हिला. मान दिसते, मणके दिसतात, व्रण दिसतो. स्टीलचे टॉप्स घातले कानात. खोटं बोलणार नाही — हिच्यासारखी दिसली.

२३ फेब्रुवारी

तिसरा दिवस. दहापैकी दहा.

सिस्टरने कागद बदलला. पाच तारखेपासूनच्या सगळ्या 'अस्वस्थ' खुणा मी मोजल्या होत्या, सव्वीस. त्या खोडा म्हटलं. म्हणाल्या, मागचं खोडता येत नाही, शेरा लिहिता येतो. मग त्यांनी शेरा लिहिला. मी उभा राहून लिहून घेतला.

२५ फेब्रुवारी

ही आता माणसाकडे बघते. मेहुणीकडे जास्त. मेहुणी केसांना तेल लावते, एवढ्याशा केसांना. ही डोळे मिटते.

मी आलो की बघते आणि मग खिडकीकडे. सवय नसेल.

मेहुणीशी बोललो, घरी आणल्यावर काय काय लागेल. पलंग खाली घ्यायचा, न्हाणीघरात धरायला दांडा. दुकान सकाळचं बंद ठेवीन. मेहुणी पेले विसळायला उठली, ते विसळलेलेच होते.

२८ फेब्रुवारी

बैठक झाली. पाच मिनिटं. खालचा मजला नाही! वरच ठेवणार, सहा आठवडे, मग डिस्चार्ज. मोठ्या डॉक्टरांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, तुम्ही नसता तर आम्ही चुकलो असतो.

दुकानात जोडीदाराने सगळ्यांना चहा पाजला. पाठीवर थापा. मी खुर्चीत बसून आरशात बघत होतो. आनंद होत असावा. उद्या कळेल.

२ मार्च

थेरपिस्टने दोन कार्डं आणली. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. आधी सोपं विचारलं — ही खुर्ची आहे का, बाहेर अंधार आहे का, तुम्ही शाळेत शिकवता का. सगळी उत्तरं बरोबर. मग तिने विचारलं, इथून नवऱ्याबरोबर घरी जायचं?

लाल.

बहिणीकडे जायचं?

हिरवं.

कार्डांच्या जागा बदलून पुन्हा विचारलं. तेच. तिसऱ्यांदाही तेच, आणि या वेळी ही माझ्याकडे बघत होती, नीट.

थेरपिस्टने पेन खाली ठेवलं. म्हणाली, दमल्या असतील, हे आज नको लिहायला.

मी म्हणालो, "दमलेली नाही. लिहा. हेतुपूर्वक."