राणीच्या सायकलचा रंग कळवणे

भावजींस,

वहिनीचा आशीर्वाद. तुम्ही अडुसष्ट वर्षांचे झालात, डोक्यावर केस राहिले नाहीत, तरी मी थोरली वहिनी आहे तोवर आशीर्वाद माझ्याकडूनच घ्यावा लागेल, इलाज नाही. तुमचा खोकला कसा आहे? जाऊबाई फोनवर म्हणाल्या बरा आहे, म्हणजे नसणार. दिवसभर त्या सायकलच्या दुकानात पंक्चरचं सोल्युशन हुंगत बसायचं आणि डॉक्टरला सांगायचं की हवा बदलली, ही तुमची जुनी रीत. जाऊबाईंची पाठ कशी आहे तेही कळवा. इकडे आम्ही सगळे ठीक. माझा उजवा गुडघा बदलून महिना झाला. (तुम्ही बघायला आला नाहीत. मी ते मनात ठेवलेलं नाही, नुसतं लिहून ठेवलंय.) माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे काना-मात्रा इकडेतिकडे झाल्या तर दुरुस्त करून वाचा. सुनेने पत्र तपासून देते म्हटलं होतं, पण यातला मजकूर तिला दाखवण्यासारखा नाही. का ते शेवटी कळेल. आधी शेवट वाचायची तुमची खोड मला माहीत आहे, तेव्हा पान उलटू नका.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी सहा आठवडे घरातच बसायला सांगितलं. व्यायाम शिकवायला एक बाई येते, ती पाय वाकवते, मी ओरडते, मग ती खूश होऊन जाते. बाकीचा सगळा दिवस मोकळा. माझ्या खोलीत तो जुना, पोट सुटलेला टीव्ही आहे, आणि टीव्हीखाली तुमचा डबा. आठवला का? तुमच्या दुकानात कुणीतरी टाकून गेला होता तो व्हिडिओ गेमचा डबा, जो तुम्ही तेहतीस वर्षांपूर्वी माझ्या लेकाला दिलात आणि माझ्या घराची शांतता घालवलीत. त्याच्या कॅसेटवर नऊशे नव्व्याण्णव खेळ असं छापलंय. मोजून सात आहेत. त्यातले सहा म्हणजे पहिलाच खेळ, आकाशाचा रंग तेवढा वेगळा. आणि तो पहिला खेळ म्हणजे पाठीवर शिडी घेतलेला एक बुटका, जो बारा गच्च्या ओलांडून राजवाड्यापर्यंत जातो. तो का जातो, ते खेळात कुठेच सांगितलेलं नाही. बाराव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत पुरुष जिथे जातात तिथे का जातात हेही कुणी सांगत नाही, म्हणून मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात बाहेरच्या खोलीत नवा टीव्ही आला, भिंतीला चिकटलेला. बाहेरचा आधीचा सपाट टीव्ही माझ्या खोलीत यायचा आणि माझा पोटाळू भंगारात जायचा असं सुनेने ठरवलं. रविवारी भंगारवाला येणार होता. सून म्हणाली, आई, टीव्हीबरोबर तो डबाही देऊन टाकू, कारण त्याची तीन रंगांची वायर सपाट टीव्हीत कुठेच बसत नाही. तिचं बरोबर होतं. सून शाळेच्या ऑफिसात आहे, तिचं नेहमीच बरोबर असतं, तोच तर त्रास आहे. लेक म्हणाला, जाऊ दे, दे. एवढंच म्हणाला. पण मग दहा मिनिटं तो डब्याची वायर गुंडाळत बसला. भावजी, हा माणूस बारा मजल्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, पण घरात स्वतःचा शर्ट घडी करत नाही. त्याने ती वायर अशी गुंडाळली, जसं तान्हं पोर दुपट्यात गुंडाळावं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "राणी काही दिसली नाही आपल्याला."

आता या राणीचं मूळ तुम्ही. तुम्ही त्याला सांगितलं होतं की आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो त्या दिवशी तुम्ही एकटे आमच्या घरी बसून बाराही गच्च्या पार केल्यात, राजवाड्याचं दार उघडलं, आतून राणी आली, आणि ती सायकलवर आली. लाल का हिरव्या सायकलवर हे मी तेव्हा ऐकलं नाही, मी भांडी घासत होते. बुटक्याला कॅरिअरवर बसवून ती घेऊन गेली म्हणे. पोराने ते वर्गात सांगितलं, पोरं हसली, त्याने एकाचा दात पाडला, आणि त्या दातवाल्याच्या आईसमोर उभं राहायला गेले मी. तुम्ही नाही गेलात. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ज्या माणसाला सायकलीखेरीज जगात काही दिसत नाही त्यालाच राणी नेमकी सायकलवर कशी दिसते? पण लेकाने ते धरून ठेवलं. आज चव्वेचाळीस वर्षांचा आहे, मिशीत पांढरे केस आहेत, आणि अजून त्याला वाटतं की ती येते. वाटतं असं तो म्हणत नाही. म्हणूनच मला कळलं.

मी म्हटलं, गुडघा माझा, वेळ माझा. रविवारपर्यंत सहा दिवस आहेत. राणी असेल तर बघू, नसेल तर भावजींचा कान धरू. दोन्हीत माझा फायदा.

डबा चालू करणं हेच एक बाळंतपण आहे. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, पण कोरडी. मग ती पूर्ण दाबायची नाही, पाऊण दाबायची, आणि खाली जुन्या पोस्टकार्डाची घडी घालायची. डब्यावर तुमच्या दादांच्या तळहाताचा खड्डा आहे (एकदाच मारलं होतं त्यांनी, पण मन लावून), तिथे अंगठा ठेवला की चित्र स्थिर राहतं. अडॅप्टर इतका तापतो की मी त्यावर हातरुमाल वाळवते. रिमोटचं डावं बटण तुम्ही सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून दुरुस्त केलेलं, ते अजून चालतं, मात्र रिमोट जरा तिरपा धरावा लागतो आणि आपणही त्याच बाजूला झुकावं लागतं. व्यायामवाली म्हणाली, आजी, कमरेला छान वळण मिळतंय. सगळ्यात मोठा दोष म्हणजे या डब्याला आठवण नाही. बंद केला की सगळं विसरतो, बुटका परत पहिल्या गच्चीवर. त्यामुळे आमच्या घरात कुणी शेवटापर्यंत गेलंच नाही. कधी अभ्यास, कधी जेवण, कधी वीज. म्हणून मी सोमवारी चालू केला तो बंदच केला नाही. खेळ थांबवून ठेवायचा, डब्यासमोर टेबलफॅन लावायचा, आणि बटणावर कागद चिकटवायचा. कागदावर मी लिहिलं, हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. सुनेने खाली हसरा चेहरा काढला. मी तो खोडला.

इंग्रजी मला येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. बुटका पडला की पडद्यावर दोन शब्द यायचे, मला वाटलं शाबासकी असेल. दोन दिवस मी सुनेला सांगत होते की आज मला अकरा वेळा शाबासकी मिळाली. तीही खरं न सांगता म्हणायची, वा आई. तिच्यात एवढा खोडसाळपणा आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. त्या शब्दांचा अर्थ खेळ खलास असा आहे हे लेकाने सांगितलं, त्या दिवसापासून ती मला थोडी आवडायला लागली. (हे तिला सांगू नका.)

बुधवारी मी नवव्या गच्चीवर अडकले. तिथे कोंबड्यासारखे दिसणारे पण दात असलेले पक्षी येतात, चार चार एकदम, आणि शिडी लावायला उसंत देत नाहीत. मी हात टेकले होते. तेवढ्यात दाराची बेल वाजली, आणि भावजी, चारही पक्षी हवेत जागच्या जागी थांबले. जसं काही बेल त्यांच्यासाठीच वाजली. बेल थांबली, ते पुन्हा चावायला निघाले. दारात दूधवाला होता. मी त्याला सांगितलं, अजून एकदा वाजव. तो म्हणाला, आजी, दार उघडं आहे, मी दिसतोय तुम्हाला. मी म्हटलं, तू वाजव. पुन्हा थांबले. लेकाने नंतर सांगितलं की जुनी बेल आहे, तिच्या वायरीतून काहीतरी खरखर डब्यात जाते. दोष म्हणे. दोष असो नाहीतर गुण असो, मला शिडी लावायला जागा मिळाली.

दूधवाला रोज एकदाच येणार, म्हणून मी सुनेला विचारलं. ती कामावरून दुपारी येते. आधी म्हणाली, आई, मी बेल दाबत उभी राहणार नाही. मग पर्स खाली ठेवली आणि जाऊन उभी राहिली. मी आतून "दाब" म्हणायचं, तिने बाहेर जिन्यात दाबायचं. गुरुवारी दहावी, शुक्रवारी अकरावी गच्ची झाली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तीन वेळा आपलं दार उघडून बघून गेले. चौथ्या वेळी त्यांनी वर येऊन सुनेला विचारलं की घरात घेत नाहीत का. ती म्हणाली, सासूबाई आत राजवाड्यात आहेत. मास्तर खाली गेले, आणि आता आमच्या दारात येऊन मला फार आदराने नमस्कार करून जातात.

शनिवारी दुपारी लेक अर्धी रजा टाकून आला. मी बोलावलं नव्हतं. पलंगाच्या कडेला बसला, गुडघे जवळ घेऊन, लहानपणी बसायचा तसाच, फक्त आता पलंग कुरकुरला. मिक्सर बंद, इस्त्री बंद, सून बेलपाशी. बारावी गच्ची म्हणजे एकच लांब उडी आहे, मधे पक्षी सात. मी "दाब" म्हणाले, पक्षी थांबले, मी तिरपी झाले, बुटक्याने उडी मारली. आणि लेकाने डोळे मिटले. त्याला लहानपणापासून ही सवय, अवघड उडी आली की डोळे मिटतो. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना काय करतो कुणास ठाऊक, मी विचारत नाही.

बुटका पोचला. राजवाड्याचं दार उघडलं. आता नीट वाचा. दारातून कुणी आलं नाही. पडदा गादीच्या कापडासारखा पट्ट्यापट्ट्यांचा झाला, डबा भुंग्यासारखा गुणगुणला, आणि शिडी घेतलेला बुटका पुन्हा पहिल्या गच्चीवर उभा. खेळ संपतच नाही भावजी. तेहतीस वर्षं तुम्ही माझ्या पोराला फसवलंत. तुमचा कान धरायला माझा हात इथूनच शिवशिवला. हे मी तिथल्या तिथे मोठ्याने सांगणार होते, तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात लेकाने डोळे उघडले. पहिली गच्ची बघितली, मग माझ्याकडे. "आली होती?" त्याने विचारलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस.

"आली होती. तूच डोळे मिटून बसलास," मी म्हणाले.

"सायकलवर?"

"मग काय चालत येणार?"

 त्याने उठून टेबलफॅनचं तोंड नीट डब्याकडे केलं. सून बाहेर बेल दाबतच होती, तिला थांब म्हणायचं राहून गेलं होतं.

रविवारी भंगारवाला आला. लेकाने त्याला गंजलेलं स्टूल आणि फुटका कूलर दिला, आणि टीव्ही अजून कामात आहे असं सांगितलं. सून दारातच होती, पण नेहमीचं बरोबर बोलणं तिने केलं नाही. मी बघितलं तर आदल्या संध्याकाळी तिने पोटाळूची काच पुसून ठेवली होती. आता माझ्या खोलीत दोन टीव्ही आहेत आणि मला पलंगावर आडवं होताना पाय भिंतीकडे करावे लागतात. व्यायामवाली म्हणते हेही चांगलंच आहे. तिला सगळंच चांगलं वाटतं.

बाकी विशेष काही नाही. खोकल्याचं औषध घ्या, सोल्युशन हुंगू नका. जाऊबाईंना माझी आठवण सांगा, मुलांना पापा.

तुमची,
वहिनी

ता.क. ज्यासाठी पत्र लिहिलं ते आता. लेक येत्या रविवारी तुम्हाला फोन करणार आहे, काका खरं बोलत होते असं सांगायला. त्याआधी मला सविस्तर कळवा की सायकल कुठल्या रंगाची होती, घंटी डावीकडे होती की उजवीकडे, राणी वयाने केवढी होती आणि कॅरिअरवर बसवताना काही बोलली का. सून रोज एक नवा प्रश्न विचारते आणि उत्तर ऐकून हसते. राणीबद्दल मी आतापर्यंत फक्त उंच होती एवढंच सांगितलंय. आपलं दोघांचं जुळलं पाहिजे. सायकल लेडीज होती असं लिहू नका, मधला दांडा होता असं मी बोलून बसले आहे.

ता.क. २. त्या डाव्या बटणाखालचा ट्यूबचा तुकडा झिजला. तुमच्या दुकानात टाकाऊ ट्यूब पडलेल्या असतील, त्यातला नखाएवढा तुकडा पाकिटात घालून लगेच पाठवा. दोन पाठवा. डबा मी अजून बंद केलेला नाही. आज मंगळवार, मी पुन्हा पाचव्या गच्चीवर आहे. पहिल्या फेरीला नसेल आली, पण तिला काय माहीत होतं मी येणार आहे.