विहीर नगं म्हणालात, आबा

तीर्थरूप आबा,

तुमाला जाऊन लई वर्सं झाली. आज लिहायला बसले ती रागानं, खोटं कशाला बोलू? पासलीत परत पटकी आलीया. सकाळधरनं दोन तिरड्या उठल्या. भोरहून कारकून आलेत. म्हणतात, "साथीपायी संस्थान गावाला एक काम देतंय. विहीर घ्या, न्हाईतर रस्ता. उद्या चावडीवर सांगा."

आन गावानं काय ठरवलंय, ठावं हाय? तुमचा जुना रस्ता दुरुस्त करायचा! "आबांचा शब्द हाय," म्हणं.

तवाबी ह्योच सवाल हुता की वो. मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार ढकलला की पटकी गाव सोडती, ही आपली रीत. त्या साली गाडा चिखलात रुतला, तसाच माघारी आणावा लागला. झालं! देवी वाटंपायी अडकली, हे तुमच्या डोक्यात बसलं. कारकुनाफुडं उभं राहून म्हणालात, "विहीर नगं. आदी गाड्याला वाट द्या." तुमच्याफुडं बोलायची कुणाची छाती? पाणी आमी बाया भरायचो. आमाला कुणी इचारलं?

आईनं तेवढं धाडस केलं. "आवो, शिवेपल्याड आपली थोरली नांदतीया. गाडा तिच्याच दारात जाणार न्हवं?"

"तिथली माणसं फुडं ढकलतील," म्हणालात. आबा, पोटच्या पोरीचं बी काय वाटलं न्हाई व्हय?

रस्ता झाला. दगड फोडून तुमचं हात सोलवटलं. कामाला तुमी वाघ, त्यात खोट न्हाई. हलगी वाजली, नारळ फुटलं, गाडा निघाला. आन हितं ओढ्याच्या वरल्या अंगाला आजाऱ्यांची धडुती धुवत हुते, खालच्या अंगाला आमी घागरी भरत हुतो.

मग तुमालाच पटकी लागली. पाणी पाणी करत हुता. आई त्याच ओढ्याचं पाणी पाजायची, रडायची, परत पाजायची. डोळं खोल गेलं, आवाज बसला. शेवटाला मला जवळ बोलावून इचारलंत, "गाडा शिवेपार गेला का गं?"

म्या म्हटलं, "गेला, आबा."

तुमी हसलात. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो, आन रडू बी येतं. तुमच्या मागोमाग आई गेली.

नसरापूरला मामाकडं ठेवून तुमीच मला लिहायला शिकू दिलंत. "माजी चंद्रा कुणाच्या बाला भिणार न्हाई," म्हणायचा. मग आता ऐका. दादाची धाकटी पोर सकाळधरनं उलट्या करतीया. वहिनी तिला ओढ्याचंच पाणी पाजायला निघाली हुती. म्या तांब्या हिसकून घेतला, पाणी उकळायला ठिवलं. पोर डोळं उघडंना, आबा. पण गावातल्या साऱ्या चुलींफुडं म्या कुठवर बसू?

उद्या चावडीवर मला गप बसवतील. बसणार न्हाई. तुमचं नाव घिऊन रस्ता मागतील, तवा तुमची लेक साऱ्या गावाम्होरं सांगंल, "माझा बाप चुकला, आन त्यातच मेला. आमाला विहीर पायजे." ह्यो माझा तुमाला शब्द. शाप द्यायचा तर खुशाल द्या.

तुमचीच,
चंद्रा