पांढऱ्या पोशाखातलं माणूस

अक्कलकोट तालुका,
१२ एप्रिल २०२१

चि. रुद्राणीस शिवलीलाक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं हे नाव आज पहिल्यांदा लिहिते आहे. आधी सवयीनं सिद्धू लिहिलं होतं, ते खोडलं. फोन यांच्या खिशात असतो आणि तुझं नाव निघालं की घरात सगळे ज्वारीच्या लाह्यांसारखे तडतडतात, म्हणून हे पत्र.

अप्पांना कोरोना झालाय. परवा प्रभुअण्णानं त्यांना सोलापूरच्या कोविड सेंटरात नेलं आणि पोटचा लेक असून दारातूनच तो माघारी आला. गाव म्हणतं, शहाणपणा केला. अव्वाला कुंकवाची धास्ती, दोन घाससुद्धा खात नाही. तुम्ही सगळ्या तृतीयपंथी मिळून त्याच सेंटरात डबे पोचवता असं इथल्या आशाताईंकडून कळलं. तेवढं अप्पांकडं बघ. त्यांनी तुला घराबाहेर काढलं हे खरं, पण तूही त्यांचंच लेकरू. हे संकट टळलं की मी स्वतः तुला हाताला धरून अव्वापुढं उभी करीन. कुणाला काय बोलायचं ते बोलू दे. हा माझा शब्द.

पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर धाड, तिथं मीच असते. आणि तोंडाला पट्टी नीट बांध. तुझं तोंड कधी बंद नसतं, म्हणून सांगते.

माया आहेच, ती राग धरून आटवू नकोस.

तुझी अक्का,
शिवलीला


सोलापूर,
२१ एप्रिल २०२१

ती. शिवलीलाक्कास रुद्राणीचा सा. न. वि. वि.

अक्का, अप्पा गेले हे तुला अण्णाच्या फोनवरून कळलंच असेल. मागचं मी सांगते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी त्यांच्या खाटेशी गेले. बाजार बंद झाल्यापासून आमची मंगतीही, दुकानोदुकानी पैसे मागणं, बंद आहे. आमच्या गुरू हेमावतीअम्मांनी घरातलं होतं नव्हतं ते धान्य काढलं, वस्तीतल्या विडीवाल्या बायकांनी त्यात आपला तांदूळ घातला आणि चूल पेटली. सिग्नलला काच वर करणारे लोक आता डब्यासाठी हात पुढं करतात. आम्हीही टाळी न वाजवता देतो. अप्पांना खिचडी मऊ करून चमच्यानं भरवत होते. चार दिवस बरे होते, मग श्वास पुरेना.

ते गेल्यावर नर्सबाईंनी माझ्यासमोरच अण्णाला फोन लावला. तो म्हणाला की येणं जमणार नाही, तुमच्या पद्धतीनं उरकून टाका. त्यांची पद्धत म्हणजे विद्युतदाहिनी. मी सेंटरच्या साहेबांशी भांडले, आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात म्हणून सांगितलं. तू कोण असं त्यांनी विचारलं. मी लेकरू म्हणाले आणि सही केली.

रुद्रभूमीत, आपल्या दफनभूमीत, खड्डा खणणारा माणूस गावी पळाला होता. मग आम्हीच कुदळी घेतल्या. बसवायचं तर खड्डा खोल लागतो, अम्मांचे हात सोलून निघाले. जंगम स्वामी फाटकाबाहेर उभे राहून मंत्र म्हणत होते, आत यायला भ्याले. अप्पांना मी धरून खाली बसवलं. कसलीही उणीव राहू दिली नाही, अक्का. आमच्यातल्या तानाबाईनं फोटो काढला तो सोबत छापून धाडते. पीपीई किटच्या पांढऱ्या पोशाखातली मी आहे, ओळखू येत नसले तरी. अव्वाला दाखव, तिच्या जिवाला थंडावा मिळेल.

मला कधी न्यायला येतेस ते कळव. नवं लुगडं घेतलंय, साधंच आहे, घाबरू नकोस.

तुझ्या लोभावरच आहे.

रुद्राणी


अक्कलकोट तालुका,
६ मे २०२१

चि. सिद्धूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोटो पोचला. बघून रडले. तू केलंस ते या जन्मात फिटणार नाही.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच. फोटो अण्णानंही बघितला. गावात कुजबूज चालली होती, गुरुसिद्धप्पांना माती कुणी दिली, पोरगा तर घरातच होता. मंगळवारी भावकी जमली तेव्हा अण्णानं तो फोटो सगळ्यांपुढं ठेवला आणि पोशाखातला माणूस मीच, रात्रीच्या गाडीनं जाऊन आलो असं सांगितलं. तोंड दिसतच नाही, कोण खोटं म्हणणार? मीही गप्प बसले. माझ्या पोरीचं लग्न ठरतंय रे. अप्पांना कुणाचे हात लागले हे सोयऱ्यांना कळलं तर मोडेल. तेव्हा इतक्यात इकडं येऊ नकोस.

आणखी एक. अव्वा अण्णाला सारखी विचारते की गळ्यातलं इष्टलिंग कुठल्या हातात ठेवलंस, शेवटी ते काय बोलले. तो गडबडतो आणि तिला संशय येतो. तेवढं सगळं सविस्तर लिहून धाड, म्हणजे तो तिला नीट सांगेल. म्हातारीचं समाधान होईल.

समजून घेशील अशी आशा करते.

अक्का


सोलापूर,
१३ मे २०२१

शिवलीलाक्कास रुद्राणीचा नमस्कार.

पत्र वाचून अम्मांनी उभा दिवस मला दाराबाहेर जाऊ दिलं नाही, मी कुणावर तरी हात उचलीन अशी भीती त्यांना वाटली. अण्णाचा मला राग नाही, तो पहिल्यापासून तसाच. तुझा आहे. गरज होती तेव्हा मी रुद्राणी, काम झाल्यावर सिद्धू. केसानं गळा कापलास.

पण अव्वा विचारते आहे, म्हणून लिहिते. लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात, तेव्हा त्यांचा हात माझ्या मुठीत धरून बसले. कपाळाला भस्म लावलं. इथपर्यंतचं अण्णाला पाठ करून घे.

शेवटी काय बोलले तेही ऐक. हे अव्वासमोर बसून सांगायचं म्हणून मी राखून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी भरवताना त्यांनी पोशाखातले माझे डोळे बराच वेळ न्याहाळले. मग चमचा बाजूला सारून कन्नडमध्ये विचारलं की मगळे, लेकी, तू जेवलीस का. दोनदा विचारलं. अक्का, सगळ्या आयुष्यात त्यांनी मला लेक म्हटलं ते तेवढंच.

अव्वाला हे अण्णाच्या तोंडून सांगव. बघू कसं सांगतो ते.

अप्पांची लेक,
रुद्राणी