टेबलावरचे बोट

१८ जून २०२५, लातूर

मन्मथने क्लासच्या ग्रुपवर लिहिले — ‘महामाया १२ तारखेला पुण्यात जर्मनच्या तोंडी परीक्षेला घाबरून गप्प बसली.’ दोन्ही गोष्टी चूक! परीक्षा चौदाला होती. आणि ती घाबरणारी नव्हे. उदगीरला अपघात विभागात सहा वर्षे काम केलेली परिचारिका आहे. सराव कमी पडला, एवढेच. जर्मनीतील नोकरीचे पत्र सप्टेंबरअखेरपर्यंतच ग्राह्य. म्हणजे आता एकच संधी.

२१ जून

क्लास मन्मथचा, शिकवणारा मी. माझाच जुना विद्यार्थी, पण आज मलाच धडा : “सर, एआयला सूचना लिहून द्या, प्रॉम्प्ट म्हणतात त्याला. मग ते दिवसभर पोरींसंगं जर्मन बोलतंय. थकत न्हाई, सारखा चहा मागत न्हाई!” शेवटचे वाक्य मला उद्देशून होते.

सव्वा पान लिहिले. ‘तू कडक शिक्षक आहेस. एकही चूक सोडू नकोस. चूक होताच थांबव.’ यंत्राने तंतोतंत पाळले. छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत माझे इतके कोणी ऐकले नव्हते!

२५ जून

महामाया यंत्रापुढेही मुकी. एक वाक्य, की थांबलीच.

३ जुलै

आज तिने मोबाइल पुढे केला. “सर, रागावू नका. मी दुसरं लिहिलंय.”

तिची सूचना : ‘तू अठ्ठ्याहत्तर वर्षांचा जर्मन पेशंट आहेस. मांडीचं हाड मोडलंय. फक्त जर्मन बोल. मी चुकले तरी थांबवू नको. माझं बोलणं संपू दे. चुका शेवटी सांग, तीनच.’

आणि ती बोलू लागली. वीस मिनिटे! यंत्रातला म्हातारा कुरकुरत होता, पाणी मागत होता, मुलगी भेटायला येत नाही म्हणत होता. ती त्याला समजावीत होती, एकदा तिने दटावलेही. मी चुका मोजत होतो — सतरानंतर मोजायचे राहूनच गेले. चोपन्न वर्षांपूर्वी हैदराबादेत ही भाषा पुस्तकांतून शिकलो. त्या भाषेत दोन माणसे बोलताना आज प्रथम ऐकली. त्यांतले एक माणूस नव्हते, हे मागाहून आठवले!

४ जुलै

विचारले, “पुण्यात अशी का बोलली नाहीस?”

“सुरू केलं की सर. पण तुम्ही टेबलावर बोट वाजवता ना — एकदा वाजलं की चूक, दोनदा वाजलं की पुढं. तिथं कुणी वाजवंना. मी आपली वाट बघून राहिले.”



७ जुलै

यंत्राला सुट्टी दिली. रुग्ण मी झालो, हात मांडीखाली दाबून बसलो. फार अवघड! ती हसून म्हणाली, “सर, मोबाइलमधला म्हातारा तुमच्यापेक्षा गुणी हाय.”

१२ सप्टेंबर

महामाया उत्तीर्ण! मन्मथने ग्रुपवर लिहिले — ‘सरांच्या प्रॉम्प्टची कमाल.’ उद्या ग्रुपवर हे जाईल :

१४ जून — पहिली परीक्षा. सराव कमी नव्हता. माझी १८ जूनची नोंद चूक. ती माझ्या बोटाची वाट पाहत होती.

२१ जून — माझी सूचना. निरुपयोगी.

३ जुलै — उपयोगी पडलेली सूचना. लेखिका : महामाया.

७ जुलै — माझ्याशी बोलताना तिचे वाक्य मी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकले.