बाह्यांचं जाकीट

२ डिसेंबर, मंगळवार

आज सकाळीच प्र.चा फोन. (प्र. म्हणजे धुळ्याच्या प्रभाताई. पूर्ण नाव लिहायला अजून हात धजत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे असं.) दिवाळीत सावद्याला गेलो तेव्हा थोरल्या बहिणीनं, अक्कानं, त्यांचा नंबर हातात दिला, "बोलून तं पाह्य" म्हणाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला बोलतोय. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, माझ्या निर्मलालाही आता पाच होतील. देवपुरात त्यांची रोपवाटिका आहे, घरी म्हातारे वडील, आबा. आजवर आमचे विषय तीनच: हवामान, गुडघे आणि मोगऱ्याची कलमं. आज मात्र एकदम म्हणाल्या, "सर, एकवीसला रविवार आहे. या तुम्ही. आबांना भेटायचंय तुम्हाला." मग पुढं, "इकडे गारठा आहे. आणि येताना जाकीट घाला. आबांना आवडतं. तुम्हाला शोभेलही."

शोभेल म्हणाल्या! चहा उतू गेला, गॅस पुसत बसलो.

दुपारी विचार केला. जाकीट म्हणजे नेमकं कोणतं? आपल्याकडे जाकीट म्हटलं की पुढाऱ्यांचं, बिनबाह्यांचं. पण त्या आधी गारठा म्हणाल्या. डिसेंबरात धुळ्याचा पारा किती उतरतो हे मी जन्मभर फळ्यावर लिहीत आलो. बिनबाह्यांच्या जाकिटानं छाती वाचेल, हातांचं काय? म्हणजे त्यांना बाह्यांचंच म्हणायचंय. हल्लीच्या भाषेत जॅकेट. भूगोल शिकवल्याचा असा उपयोग होतो.

४ डिसेंबर, गुरुवार

नाशिकला लेकीला, रूपालीला सांगितलं. माझ्यापेक्षा तीच जास्त उड्या मारतेय. "बाबा, घ्यायचंच तर लेदरचं घ्या. चांगलं लेदर घ्या, जन्मभर टिकतं." म्हटलं, माझ्या जन्माच्या मानानं रेक्झिनही टिकेल. रागावली.

मग प्रश्न. खांदे किती? छाती किती? पोट आहे का? म्हटलं, आहे, पण समोरून दिसत नाही. "समोरूनच तर बघणार आहेत ना!" शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर यायला हवी, लांबी कमरेपर्यंतच, बाही मनगटाला टेकली पाहिजे. आणि म्हणे जॅकेट आपल्या 'स्टाइल'ला साजेसं हवं. माझी स्टाइल कोणती, विचारलं. मग म्हणाली, "शोधू आपण."

ता.क. प्रभाताईंना ताई म्हणू नका, असंही बजावलंय. मग काय म्हणू? म्हणे, ते तुम्हीच ठरवा.

७ डिसेंबर, रविवार

बाजारात गेलो. मोठं दुकान, आत थंडगार. एक काळं जॅकेट हाती घेतलं, वास घेतला, मालकांना विचारलं, "हे कुणाचं?"

"माझंच. दुकानच माझं आहे."

"तसं नाही. कोणत्या जनावराचं?"

मग सगळं सांगितलं त्यांनी. मेंढीचं मऊ, बकरीचं चिवट, म्हशीचं जड. खरं कातडं दाबलं की बारीक सुरकुत्या पडतात, सोडलं की परत जातात. मी मनात म्हटलं, आमच्या सोडल्या तरी जात नाहीत.

काळं घालून पाहिलं. छातीवर तिरकी चेन, खांद्यावर पट्टे, कमरेला बक्कल. चेन बेंबीपाशी येऊन अडली ती अडलीच. मालक खालून ओढतायत, मी श्वास धरलेला. आरशात पाहिलं तर पोलिसांनी नुकताच धरून आणलेला माणूस दिसला. फोटो रूपालीला पाठवला. उत्तरात फक्त हसणारी तोंडं आली, ओळभर.

हात हलवत घरी.

९ डिसेंबर, मंगळवार

रूपालीनं अक्काला सांगितलेलं दिसतं. सावद्याहून फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"काय रे भो, चामडं घालून जाशीन तू? बाई पाह्यले चालला का शिकारीले?"

म्हटलं, अक्का, त्यांनीच सांगितलंय, जाकीट घाला.

"जाकीट म्हनली ना ते? चामडं कुठी म्हनली?"

म्हटलं, तुला फॅशनमधलं कळत नाही. यावर ती जे बोलली ते इथं लिहीत नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "गायीचं नको घेशीन बाप्पा, दुसरं काय बी घे."

११ डिसेंबर, गुरुवार

कोपऱ्यावर सलीमभाईंचं दुकान आहे, गाड्यांची सीट-कव्हरं शिवतात. माझे जुने विद्यार्थी. भूगोलात दोनदा नापास झाल्याचं ते स्वतःच गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगतात. त्यांना कुठून कळलं कोण जाणे (आमच्या पिंप्राळ्यात काही कळायला वेळ लागत नाही), आज हाकच मारली. "सर, दुकानात कशाला जाता? मी शिवतो ना. टेन्शनच घेऊ नका."

नमुना म्हणून एक बाही शिवून तयारच ठेवली होती! चॉकलेटी, कडेनं पिवळी पट्टी. कातडं नव्हतंच, रेक्झिन. हात घातला आणि मीटर पडल्यासारखं वाटलं. नव्या रिक्षाचा तोच वास. सलीमभाई इतक्या आशेनं बघत होते की नाही म्हणवेना. म्हटलं, छान आहे, पण धुळ्याचे लोक जरा जुन्या वळणाचे आहेत.

"मग पट्टी काढतो, सर."

स्कूटरचं सीट फाटलंय ते शिवायला देऊन सुटलो.

१४ डिसेंबर, रविवार

मिळालं!

त्याच दुकानात. मालकांनी आतून आणलं. तपकिरी, मेंढीचं, साधी सरळ चेन, उभी छोटी कॉलर. पट्टा नाही, बक्कल नाही. खांद्याची शिवण हाडावर, बाही मनगटाला. चेन गळ्यापर्यंत गेली आणि मी श्वासही धरला नव्हता. चोळून पाहिलं, दाबून पाहिलं. सुरकुत्या पडल्या, गेल्या.

मग आरशात पाहिलं आणि बघतच राहिलो. निर्मला गेल्यापासून आरशात दाढीपुरतंच बघतो. जिथं साबण तेवढंच तोंड. आज पूर्ण माणूस दिसला आणि तो बराही दिसत होता. गळ्यापाशी चेनवर हात तसाच राहिला. मालक म्हणाले, "सर, घट्ट होतंय का?" म्हटलं, नाही.

किंमत इथं लिहीत नाही. रूपालीनं विचारली तर सेल होता म्हणायचं.

१६ डिसेंबर, मंगळवार

रूपालीचं फर्मान: घरात घालून वावरा, म्हणजे कोपरात मऊ पडेल. दुपारी पंखा लावून, जॅकेट घालून, मेथी निवडत बसलो होतो. शेजारच्या पाटीलवहिनी ताक द्यायला आल्या, दारातच थबकल्या. "अगबाई, सर, हिव भरलंय का तुम्हाला?" नको म्हणेपर्यंत गवती चहाचा काढा घेऊन आल्या. प्यालो. दुसरं काय सांगणार?

१९ डिसेंबर, शुक्रवार

झोप नीट नाही. जॅकेटचं झालं, आता माझं काय? प्र.नी 'बरं, कळवते' म्हटलं तर? नातेवाइकांत हसू होईल ते सोसेन. पण संध्याकाळी सात वाजता फोन वाजणार नाही, ते सोसवणार नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अक्काला तर नाहीच.

संध्याकाळी त्यांनाच विचारलं, आबांशी काय बोलू? म्हणाल्या, "तुम्ही ऐका फक्त. आणि जाकीट विसरू नका."

म्हटलं, विसरेन कसा!

२१ डिसेंबर, रविवार

धुळे. सगळं लिहितो, उद्या खरं वाटणार नाही.

एसटीत खिडकीची जागा, उन्हाच्या बाजूची. घडी घातली तर कातड्यावर रेघ पडते म्हणून अंगातच. एरंडोलला बनियन भिजला, पारोळ्याला शर्ट. शेजारचे गृहस्थ सरकून बसले. गारठा कुठं होता देव जाणे. धुळ्याला पहाटे असतो म्हणे. मी पोचलो भर दुपारी.

प्र. फाटकातच उभ्या. हिरवी साडी, हाताला माती. माझ्याकडे पाहिलं आणि ओठ दाताखाली धरला. मला वाटलं, आवडलं.

ओसरीवर आबा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, वर खादीचं, बिनबाह्यांचं, कडक इस्त्रीचं जाकीट. शेजारी त्यांचे दोन पुतणे. दोघांच्या अंगात तसंच. फोटोसाठी मांडलेल्या खुर्च्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, पण कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, नीट काही दिसेना.

आबांनी मला वरून खाली पाहिलं.

"हाई काय घालीसन उनात?" हे काय घालून आलात, असं.

म्हटलं, जाकीट.

"जाकीट? बाह्यासनं?" मग मुलीकडे, "पोरी, तू सांगं नही का त्यास्ले?"

"सांगितलं होतं, आबा," प्र. म्हणाल्या, आणि मग त्यांना आवरेना. पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आतून हसण्याचा आवाज येत राहिला. पुतण्यांनी रोपं मोजायला घेतली. मी उभाच.

नंतर समजलं. आबांच्या मते जाकीट न घालता बघायला येणारा पाहुणा मनापासून आलेला नसतो, रस्त्यानं जाता जाता डोकावलेला असतो. मागं एकजण टी-शर्टवर आला होता, त्याला त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, आता परतीची एसटी बघावी.

पण आबांनी बाही चिमटीत धरली. चोळली. वास घेतला. "माले दखाडा बरं." काढून दिलं. भिजलेल्या शर्टावर मी, लोकांसमोर. आबांनी खादीचं उतरवून जॅकेट चढवलं. खांदे खाली लोंबले, बाह्यांत हात हरवले. चेन त्यांना जमेना, मी लावून दिली. डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "बठ्ठा आंगले ऊब लागस." सगळ्या अंगाला ऊब लागते म्हणे. आणि तसेच खुर्चीत झोपले.

"वर्षभर थंडी वाजते त्यांना," प्र. म्हणाल्या. "गोधड्या फेकून देतात. हे काढणार नाहीत आता."

खादीचं जाकीट खुर्चीच्या पाठीवर पडलं होतं. त्यांनी ते झटकून माझ्यापुढं धरलं. घातलं. छातीला जरा आवळत होतं. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" म्हणाल्या. तेवढ्यात पुतण्यानं फोटो काढला. त्यात मी कसा आलोय माहीत नाही, मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हतो.

मग रोपवाटिका दाखवली. सदाफुली, कढीपत्ता, मोगऱ्याची ती कलमं. कढीपत्त्यापाशी थांबून सरळ म्हणाल्या, "सर, एक सांगते. तुम्ही मला आवडलात. पण मी धुळं सोडणार नाही. आबा आहेत, ही झाडं आहेत. पिंप्राळा तुम्हालाच सोडावा लागेल. आज उत्तर नको."

तोंडात कढीपत्त्याचं पान होतं, का तोडलं कोण जाणे.

निघताना आबा झोपेतच. उठवू नका म्हटलं. खादीचं काढून खुर्चीवर ठेवलं आणि निघालो. पारोळ्यानंतर हुडहुडी भरली. अंगात हाफ शर्ट नि खिडकीची काच बंद होईना.

२२ डिसेंबर, सोमवार

शिंका. पाटीलवहिनींचा काढा, यावेळी रीतसर.

रूपाली: "जॅकेट आवडलं का त्यांना?" म्हटलं, इतकं की ठेवून घेतलं. अक्का: "चामड्यानं जमलं म्हनतो? अरे बाप्पा!" म्हटलं, जमलं नाही अजून. धुळ्याला राहायला जावं लागेल. अक्का म्हणाली, "मंग तिथं बी एसटी जाते ना."

२३ डिसेंबर, मंगळवार

दिवसभर घर बघत फिरलो. निर्मलानं लावलेला कडुनिंब, तिनं निवडलेल्या फरश्या. इथून मी जाऊ? आणि संध्याकाळी सात वाजता इथं बसून तरी काय करणार? दोन्ही खरं आहे. भूगोलात याला उत्तर नाही.

त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

सातला वाजला.

इकडचं तिकडचं झालं. माझं पडसं, त्यांचा गुडघा. आबा जॅकेट घालूनच जेवतात, वरणाचा डाग पडलाय, पुसून काढला. मग म्हणाल्या, "सर, तुमची वस्तू आमच्याकडे अडकून पडलीय. कुरिअरनं पाठवून देऊ का?"

आवाज अगदी साधा होता. पण त्या जॅकेटचं नाही, माझं विचारतायत हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही.

म्हटलं, "नको. राहू द्या तिथंच."

"जॅकेट राहू दे म्हणता, की..."

मी खिडकीतून कडुनिंबाकडे बघत राहिलो. मागून आबांचा आवाज, "काय म्हनस तो?"

"इचार करी राह्यनात, आबा," त्या म्हणाल्या. फोन त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही.