राजसीच्या पुढे ढकललेल्या तारखा

यज्ञेश,

राजसीला घेऊन कात्रपच्या लॅबमध्ये रक्त तपासायला गेलोय. पोहे झाकून ठेवलेत.

तुझ्या लेकीची पाळी तीन-तीन महिने का येत नाही, यावर मोबाइल, मैदा आणि नळाचं पाणी असा तुझा शोध होता. काल डॉक्टरीणबाईंनी फक्त विचारलं, "गोळ्या कुठल्या घेतेस?" पोरीने बोटं मोजली: गणपती, वास्तुशांत, आत्याकडचा सत्यनारायण, परत गणपती. पाळी लांबवायच्या गोळ्या, दर वेळी तूच मेडिकलमधून आणलेल्या. बाई म्हणाल्या, "आजोबा, न विचारता एवढ्या? याने चक्र बिघडू शकतं. तरी थायरॉइडही बघू." मी मान खाली घातली, तुझ्या वाटणीचीही.

कंपनीत माहितीपुस्तक वाचल्याशिवाय तू कुणाला पंपाचं बटण दाबू देत नाहीस. घरात मात्र एकोणीस वर्षांची पोर भटजींच्या सोयीने चालवतोस.

गुरुवारच्या पूजेसाठी आणलेलं गोळ्यांचं पाकीट मी कचऱ्यात टाकलंय, शोधू नकोस. तिची तारीख आलीच, तर भटजींना फोन करून पूजा पुढे ढकल. त्याला गोळी लागत नाही.

अप्पा