समुद्राले लोखंड

बडनेरा, मंगळवार, संध्याकाळ

यांच्या मोटरसायकलच्या धुरानं माझे वाळत घातलेले कपडे काळे होतात. दुरुस्त करा म्हणून मी रोज भांडते. आज कॉलेजातून आलेल्या आमच्या लेकीनं, मंजूनं सांगितलं, धुरातलं लोह वाऱ्यानं समुद्रात जाऊन पडते, अन् त्यावर तिथलं बारीक शेवाळ वाढते.

हे लगेच फुगले. "पाह्यलं? मी समुद्राले जेवू घालून राहिलो!"

"बाबा, जास्त झालं तं तिथलंही बिघडते," मंजू म्हणाली. पण ऐकते कोण!

रक्तात लोह कमी म्हणून मी बीट खाऊन राहिली, अन् यांचं लोह समुद्राले. काहून?

मग फटफट करत ऐटीत बाहेर गेले. तासाभरानं गाडी ढकलत, घामाघूम होऊन परत आले.

"इंजिन बसलं," म्हणाले.

मी पाणी दिलं. "म्हंजे समुद्र आज उपाशीच झोपन."

यांनाच पहिले हसू आलं.